केरबा पंचाची अक्कलदाढ

एका जंगलात, मुलांनो, पंच निवडायची रीत फार सोपी होती. उमेदवाराने सभेपुढे मोठा आ करायचा. जबड्याच्या अगदी मागच्या कोपऱ्यात अक्कलदाढ दिसली की तो पंच. नाही दिसली की त्याने तोंड मिटून घरी जायचं. अक्कल कशी तपासायची हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. दाढ मात्र चिचुंद्रीलासुद्धा चाचपून पाहता यायची.

दुसरी रीत त्याहून गंमतशीर. निकाल पटला नाही तर हरलेल्याने पंचाच्या तोंडावर लाथ मारायची. फक्त एकच. त्यामुळे पंच जपून न्याय देतात, असं जुनीजाणती जनावरं सांगत. ती स्वतः कधी पंच झाली नव्हती.

या जंगलात केरबा नावाचं एक अस्वल होतं. केरबाला पंच व्हायची भारी हौस. एका सकाळी त्याच्या खालच्या जबड्यात ठणका लागला. अक्कलदाढ येत होती. गाल सुजला, डोळ्यांतून पाणी आलं आणि केरबा आनंदाने नाचला. त्याची बायको ठकूबाई अख्ख्या जंगलात जांभळं वाटून आली.

दुखणं फारच वाढलं तेव्हा केरबा दातांच्या डॉक्टरकडे, म्हणजे सुतारपक्ष्याकडे गेला. पक्ष्याने तोंडात शिरून टकटक केली आणि कान लावून ऐकलं.

"केरबादादा, दाढ आडवी अडकलीय. कोपऱ्यातली हाडाची जागा तिनंच व्यापलीय. तिथं हाड उरलंय पापुद्र्याएवढं. लाथ बसली तर नेमकं तिथंच मोडेल."

"मग काढून टाका."

"काढली तर कोपरा हळूहळू भरून येईल. पण लाथेचा जोर कुठंतरी जाणारच. तो वर, कानाजवळच्या सांध्याकडे जाईल. तिथलं मोडलेलं बसवणं जास्त कटकटीचं."

"अहो, मग मी करू तरी काय?"

"लाथ खाऊ नका," सुतारपक्षी म्हणाला.

केरबाला हा सल्ला अगदीच बिनडोक वाटला. घरी येऊन त्याने ठकूबाईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "माझ्या माहेरी कळवून झालंय. आता दाढ काढलीत, तर मी तोंड कुठं दाखवू?"

दाढ राहिली. सभेत केरबाने आ केला आणि तो पंच झाला.

पहिलाच खटला सशाचा. गाढव त्याच्या बिळावर लोळलं आणि बीळ बुजलं. गाढवाने सरळ कबूल केलं, "लोळलो खरा. पाठीला खाज सुटली होती."

आता यात न्याय काय द्यायचा, ते तुम्हीसुद्धा सांगाल. केरबालाही कळत होतं. पण त्याची नजर गाढवाच्या मागच्या पायांवर गेली. मग सशाच्या पायांवर गेली. गालावर पंजा ठेवून तो म्हणाला, "बीळच चुकीच्या जागी होतं. गाढव निर्दोष आहे."

ससा रडवेला झाला. "केरबाकाका, माझी पोरं उघड्यावर आली हो."

केरबाला फार लाज वाटली. पण लाजेने काही जबडा मोडत नाही, असा विचार करून त्याने गाल पुढे केला. सशाची लाथ ती केवढीशी.

कट्.

जबडा मोडला. सुतारपक्ष्याने सांगितलं होतं, अगदी तिथंच.

पक्ष्याने वेलींनी तोंड घट्ट बांधलं. केरबाला आता फक्त "हं" म्हणता येई. पुढच्या खटल्यात दोन्ही बाजू ऐकून तो "हं" म्हणाला. हरलं कोण ते कुणालाच कळेना, त्यामुळे लाथ मारायला कुणी उठलं नाही. दोघंही आपणच जिंकलो म्हणत घरी गेले. जंगलभर केरबाचं नाव झालं. म्हैस तर म्हणाली, "काय तो हुंकार. किती खोल अर्थ आहे त्यात."

हाड सांधलं. सुतारपक्षी वेली सोडायला आला. केरबाला सशाला बोलावून सांगायचं होतं, की माझा न्याय चुकला, बीळ तुझंच. अगदी जिवापासून सांगायचं होतं त्याला.

पण ठकूबाई आडवी आली. "राहू द्या हो त्या वेली. बांधल्यापासून ह्यांना अक्कल आलीय, असं सगळं जंगल म्हणतंय."

केरबाने मान जोरजोरात हलवली आणि जीव खाऊन ओरडला, "हं."

"बघा," ठकूबाई म्हणाली, "त्यांनाही पटलंय."

तात्पर्य : जबड्याच्या नेमक्या मोडणाऱ्या जागी निसर्गाने अक्कलदाढ बसवली, ती काही उगाच नाही. अक्कल आल्यावरही कुणी बोलत राहावं, असा त्याचा बेत कधीच नव्हता.