वरच्या पाण्याला हळदीचा धोंडा

आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे कॉलनीत, कुणाचं घर शोधत आलात तर एक विनंती आहे. गेटजवळच्या सिमेंटच्या बाकावर पांढरा सदरा, स्वच्छ धोतर आणि पायांत नातवाचे जुने स्पोर्ट्स शूज घातलेले एक गृहस्थ बसलेले असतील. त्यांना पत्ता विचारू नका. ते सांगतील, हीच अडचण आहे.

माझ्या नणंदेला त्यांनी सांगितलं होतं, "हळदीच्या धोंड्यापासून खालच्या पाण्याला या. तुरटीची खोली लागेल, ती सोडायची. निळीचा हौद आला की थांबा. मॅडम हौदातच राहतात." नणंद बिचारी पाऊण तास हौद शोधत फिरली. तुरटीची खोली म्हणजे हल्लीची जिम. निळीचा हौद म्हणजे माझं दोन बेडरूमचं घर. आणि हळदीचा धोंडा तर खुद्द कावेरीच्या पात्रात आहे. पाहुणा बसने म्हैसूरहून येणार, तो नदीतून का उगवेल, हा प्रश्न आमच्या पांडण्णांना कधी पडत नाही.

पांडुरंगराव पतंगे हे त्यांचं पूर्ण नाव. सगळे पांडण्णा म्हणतात. नवऱ्याच्या बदलीमुळे मी सांगलीहून इथे आले, तेव्हा सामानाचा टेम्पो अजून रिकामा व्हायचा होता आणि हे दारात उभे. मला वाटलं, चला, परक्या मुलखात मराठी बोलणारं माणूस भेटलं. ते घराकडे बघत म्हणाले, "निळीच्या हौदात आलात की हो. ओल येणार बघा. सुम्मने, उगाच सांगत नाही." पहिल्याच पावसाळ्यात स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल आली. तेव्हापासून मी त्यांना थोडी वचकूनच असते.

आमच्या लेआउटचं नाव रिव्हर व्ह्यू. नदी फक्त पाण्याच्या टाकीवर चढलं तरच दिसते, कारण मध्ये आठ फूट उंच कंपाउंड आहे. मी सांगलीची असल्यामुळे नदीचं मला कौतुक कमी आणि धास्ती जास्त, तेव्हा मला ते कंपाउंड आवडतं. पांडण्णांना मात्र ते दिसतच नाही. त्यांना डावं-उजवं ठाऊक नाही. त्यांच्या जगात दोनच दिशा, वरचं पाणी आणि खालचं पाणी, म्हणजे नदी येते ती बाजू आणि जाते ती बाजू. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला बसवलं तेव्हासुद्धा म्हणे, "वरच्या पाण्याकडचा डोळा स्वल्प मंद आहे."

याचा खुलासा करायचा तर मागे जायला हवं. इथे पूर्वी रंगाऱ्यांची वस्ती होती, सगळी मराठी घरं. कोणत्या राजाने त्यांना आणलं यावर पांडण्णांचं स्वतःशीच एकमत नाही, दर वेळी राजा बदलतो. पण का आणलं हे पक्कं आहे. इथल्या पाण्यात तांबडा रंग धरतो. प्रत्येक घराचा नदीत स्वतःचा धोंडा होता, रंगवलेलं कापड त्यावर आपटून धुवायचं. आणि धोंड्यांचा क्रम ठरलेला. सगळ्यात वर हळदीवाले पिवळे, मग तांबडे, मग निळे आणि शेवटी काळे. गडद रंगाचं पाणी फिक्या कापडावरून वाहता कामा नये, म्हणून. "वरचं वर, खालचं खाली, अष्टे," हे त्यांचं पेटंट वाक्य. अष्टे म्हणजे एवढंच, विषय संपला.

रंगाचं काम बंद पडून जमाना झाला. घरं पांगली, कुणी म्हैसुरात, कुणी बेंगळुरात. कुणी शिंपीकाम धरलं, कुणी कॉम्प्युटर. जमिनी गेल्या, भट्ट्या पाडल्या, आमचा लेआउट उभा राहिला. पांडण्णांनी तेवढं आपल्या मंजिष्ठाच्या, म्हणजे तांबड्या रंगाच्या, भट्टीच्या जागी घर बांधलं आणि तिथून हलले नाहीत. दोन्ही मुलं बाहेर. अख्ख्या वस्तीपैकी इथे उरलेलं घर एकच.

पण क्रम काही सुटला नाही. म्हैसुरात त्यांच्या भाचीचं लग्न होतं, मलाही आवर्जून बोलावलं होतं. जेवण बुफे. पांडण्णा रांगेच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले आणि लोकांना धोंड्यांप्रमाणे लावू लागले. "तुम्ही हळदीचे, पुढे या. एय, तुम्ही निळे की हो, तांबड्यांच्या पुढे कसे?" खुद्द नवरदेवाचे वडील, मोठे इंजिनिअर, हातात ताट घेऊन शेवटी गेले, कारण त्यांचे आजोबा काळ्या धोंड्यावरचे. त्यांची पाळी येईपर्यंत चिरोटी संपली. मला वाटलं आता भांडण होणार. पण ते गृहस्थ रिकामं ताट घेऊन पांडण्णांपाशी आले आणि हळूच म्हणाले, "आमचा धोंडा नेमका कुठं होता हो, काका?" पांडण्णा जेवायचे राहिले आणि त्यांना कागदी रुमालावर नदी काढून देत बसले.

गेल्या दोन वर्षांत मात्र या वेडाला जोर चढला. रोज सकाळी ते गेटवर परीक्षा घ्यायचे. आमचा वॉचमन बिपुल आसामकडचा. त्याला मराठी येत नाही, कन्नड येत नाही, पण पांडण्णांनी विचारलं, "तुरटीची खोली?" की तो ताठ उभा राहून म्हणणार, "जिम." "मंजिष्ठाची भट्टी?" "आपका घर." "हळदीचा धोंडा?" "पीछे का गेट, सीधा नीचे, पानी में." मग किराणा दुकानातल्या मंजुळाची परीक्षा. मग जिममधल्या ट्रेनरची. लोक हसायचे, मीही हसायचे. म्हातारपणी माणसाला काहीतरी नाद हवाच, असं मी नवऱ्याला शहाणपणाने सांगायचे.

त्यातच रस्त्यांना पाट्या लावायचं निघालं आणि दुर्दैवाने मी असोसिएशनची सेक्रेटरी होते. फर्स्ट क्रॉस, सेकंड क्रॉस, साधा मामला. पांडण्णा सभेत उभे राहिले. "नंबर घालू नका. जुनी नावं घाला." कुणीतरी म्हणालं, अण्णा, ती नावं तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक आहेत? त्यावर ते एरवी तासभर बोलले असते. पण चेहरा पडला त्यांचा, आणि ते उठून निघून गेले.

मला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले. दार त्यांच्या पत्नीने, सुंदराक्कांनी उघडलं. यांना मी एरवी लांबूनच बघितलेलं. पातळ नीट चापूनचोपून, केसांत अबोली, काखेला कापडाचं छोटं गाठोडं.

"तू कुणाची ग, पोरी?" त्या म्हणाल्या. "बरी आलीस. मला हळदीच्या धोंड्यावर सोड. अण्णा वाट बघत असतील."

आतून पांडण्णा धावत आले. त्यांनी हलक्या हाताने गाठोडं काढून घेतलं, "काफी घेऊन जाऊ, अल्वा?" म्हणत त्यांना झोपाळ्यावर बसवलं, आणि मला ओसरीवर आणलं.

"दोन वर्षं झाली, मॅडम," ते म्हणाले. "आधी तिच्या डोक्यातून नातवंडांची नावं गेली. मग हे घर गेलं. आता मीही येऊन-जाऊन असतो. माहेर तेवढं राहिलंय. ती हळदीवाल्यांची की हो. दिवसातून दहादा निघते अण्णांकडं जायला. तिचे अण्णा, म्हणजे वडील, जाऊन चाळीस वर्षं झाली."

गाठोडं अजून त्यांच्या हातातच होतं.

"एकदा माझा डोळा चुकवून गेली. त्या दुकानात विचारलं, हळदीचा धोंडा कुठं? ते म्हणाले, असं काही नाही इथं. मॅडम, ती थरथरत घरी आली. मला म्हणते, सगळं खोटं होतं का? म्हणून शिकवतो सगळ्यांना. ती विचारेल तेव्हा कुणी ‘नाही’ म्हणू नये. अष्टे." आणि म्हणाले, "हे कुणाला सांगू नका. लोक तिच्याकडं वेगळं बघतील."

मी कुणाला सांगितलं नाही. पाट्या मात्र करून घेतल्या, वर नंबर आणि खाली जुनं नाव. कमिटीत सांगितलं की हेरिटेज आहे. हेरिटेज म्हटल्यावर कुणी काही बोलत नाही.

संक्रांतीनंतरची एक दुपार. तीनच्या सुमाराला पांडण्णा माझ्या दारात अनवाणी उभे. "झोप लागली, मॅडम. पाच मिनिटं. ती नाही."

आम्ही दोघं निघालो. दुकानात मंजुळा अभिमानाने म्हणाली, "अज्जी आल्या होत्या ना. हळदीचा धोंडा विचारला. मी बरोबर सांगितलं." जिमच्या ट्रेनरने तर त्यांचा हात धरून रस्ता ओलांडून दिला होता. मागच्या गेटवर बिपुल सलाम ठोकून म्हणाला, "अम्मा को रास्ता बता दिया. सीधा नीचे, पानी में." स्वतः कुलूप काढून गेट उघडून दिलं होतं त्याने.

पांडण्णांनी उघड्या गेटची कडी धरली. दोन वर्षं खपून त्यांनी अख्ख्या लेआउटला रस्ता पाठ करून दिला होता. तिला घरी आणा, एवढंच कुणाला सांगायचं राहिलं होतं. मलाही ते सुचलं नव्हतं. गुपित राखण्यात मी धन्यता मानत बसले होते.

ते कडी सोडून उतारावरून जवळजवळ पळतच सुटले. मी मागोमाग.

थंडीतलं पाणी कमी होतं. झुडपांपलीकडे पाण्यात एक रुंद, पाठ घासून गुळगुळीत झालेला धोंडा वर आला होता आणि त्यावर सुंदराक्का बसल्या होत्या, पाय पाण्यात सोडून. गाठोडं मांडीवर. चेहरा इतका निवांत की मला रडूच आलं.

पांडण्णा धोतर खोचून पाण्यात शिरले. चार पावलं गेले असतील.

"अवो, तिथंच थांबा!" सुंदराक्का ओरडल्या. "वर येऊ नका. तांबड्यांनी खालीच राहायचं."

पांडण्णा जागच्या जागी थांबले. "बरं," म्हणाले. "खालीच थांबतो."

त्या बराच वेळ त्यांना न्याहाळत राहिल्या. "पतंग्यांपैकी ना तुम्ही?"

"हौदु, होय. पतंग्यांपैकीच."

"तुमच्यात एक पांडू आहे."

"आहे की."

"त्याला एक निरोप द्याल? आमचे अण्णा हो म्हणाले म्हणावं. काल रात्रीच म्हणाले. आणि तो बघा, दोन दिवस घाटावर नाही. मी रोज येते. कापड धुवून झालं तरी बसून राहते. त्याला ये म्हणावं."

जन्मभर कुणाचा चुकीचा पत्ता खपवून न घेतलेला तो माणूस. मी जवळ जाऊन त्यांचा हात धरणार होते, पण त्यांनी मागे न बघताच मला हाताने थांबवलं.

"सांगतो," ते म्हणाले. "आत्ता जाऊन सांगतो. पण तो विचारेल की हो मला. तुम्हाला कसा वाटतो तो?"

सुंदराक्कांनी पदर तोंडाला लावला. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई खुदकन हसली.

"ते तुम्हाला कशाला सांगू?" त्या म्हणाल्या. "ते मी त्यालाच सांगीन."

पांडण्णांनी मान हलवली. आणि गुडघाभर पाण्यात, तिच्यापासून दहा पावलं खाली, ते तसेच उभे राहिले.