विहीर, दोन कलमं आणि काका

शांतारामकाका कुठेही टेकण्यापूर्वी विचारत, "मालक कोण?" न्हाव्याची खुर्ची, देवळाची पायरी, लग्नातला पाट, सूट कशालाच नव्हती. एकदा भाट्याच्या किनाऱ्यावर आम्ही एका उपड्या होडीवर बसायला गेलो, तर हा गृहस्थ उभाच. होडीचा मालक काही सापडेना. त्या दिवशीचा सूर्यास्त मी बसून पाहिला आणि त्यांनी उभ्याने.

काका आमच्या शेजारच्या नानांचे भाडेकरू. गाव लांज्याकडे. एसटीच्या वर्कशॉपात टायर बदलता बदलता उमर गेली, लग्न राहूनच गेलं. गावच्या घरातला त्यांचा वाटा भावांनी गोड बोलून लिहून घेतला. यांनी न वाचता सही केली. तेव्हापासून किराणा दुकानाची पावतीसुद्धा ते दोनदा वाचत.

नानांच्या मागच्या दोन खोल्यांत ते इतकी वर्षं राहिले, की नानांच्या राजू-बंड्याला शाळेत सोडायला तेच जात, पोरं तापली की कपाळावर पट्ट्या तेच ठेवत. तरी दर अकरा महिन्यांनी करार नवा. नाना वैतागत. "अरे, तू घरातलाच. कागद कशाला?"

"घरातल्यांनीच मला घराभाईर काढला हाय, नाना. भाडेकरूला निदान नोटीस तरी मिळते."

त्या करारात एक अट त्यांनी स्वतः घालून घेतली होती. घर विकलं गेलं, तर मुदत संपायच्या आत, महिन्याची नोटीस देऊन भाडेकरूला निघून जाता येईल. वकील हसले. "अहो, लोक राहायला मिळावं म्हणून अटी घालतात. तुम्ही जायला मिळावं म्हणून?"

"ऱ्हाणं मालकाच्या हातात. जाणं तरी माझ्या हातात असू दे."

नाना तिथेच बसले होते. म्हणाले, "पण हे घर विकणार कोण?"

नाना गेले. पुढचा करार राजूने अटीसकट जशाच्या तसा नवा केला, आणि वर्षश्राद्ध झाल्या झाल्या नानांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. मुलगे दोघेही मुंबईला. राजू पुण्याचं एक गिऱ्हाईक घेऊन आला. मी दोन घरांमधल्या दगडी गडग्यापाशी होतो, सगळं ऐकलं. बोट दाखवत दाखवत तो सांगत होता, "विहीर बारमाही. हापूसची दोन कलमं, दोन्ही लागती. आणि हे काका. भाडेकरू आहेत, पण त्रास काही नाही." गिऱ्हाइकाने विहिरीला डोलावली तशीच काकांनाही मान डोलावली. काका तेव्हा त्याच राजूसाठी कोकम सरबत ढवळत होते. ढवळतच राहिले. त्या पोराच्या कानाखाली आवाज काढावा असं मला फार वाटलं. पण शेजाऱ्याला तेवढा अधिकार कुठल्याच करारात नसतो.

खरेदीखत झालं आणि काकांनी नोटीस दिली. आता गंमत पाहा. जगात नवा मालक भाडेकरूला हुसकावतो. हा पुणेकर यांना सोडीना. त्याला वर्षातून दोनदा समुद्र बघायला यायचं होतं. एरवी पालापाचोळा काढणारा, पंप चालवणारा आणि वर स्वतःच भाडं देणारा असा रखवालदार त्याला दुसरा कुठे मिळणार? फोनवर म्हणाला, "घर विकल्याने करार मोडत नाही, काका. मुदतीपर्यंत राहावंच लागेल."

"मालक, अट वाचा."

"या वयात कुठे जाणार तुम्ही?"

"अट वाचा."

वाचल्यावर त्याने पुन्हा फोन केला नाही. आळी मात्र बोलायला लागली. म्हातारा चळला, चांगलं कौलारू घर सोडून मिरजोळ्याला पत्र्याच्या खोलीत चाललाय. राजूचाही फोन आला. "काका, तुम्हाला हलायला लागू नये म्हणूनच तर भाडेकरूसकट विकलं." पोरगा खोटं बोलत नव्हता, हेच जास्त वाईट.

"बरं केलंस, बाबा," काका म्हणाले. "पण आधी विचारलं असतंस, तर..." पुढचं वाक्य त्यांनी फोन ठेवून माझ्याजवळ पुरं केलं. "नाना होता म्हणून ऱ्हायलो रे हितं. नुसत्या चिऱ्यांशी माझं काय?"

निघायच्या सकाळी त्यांनी मला परसात बोलावलं. तिथे जागेवाल्याचा, म्हणजे जागेच्या राखणदार देवाचा, दगड आहे. वर्षातून एकदा नाना त्यापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालत. घरातल्या एकेकाचं नाव घेऊन याला सांभाळ, त्याला सांभाळ म्हणत, आणि बाकीचे साथ देत, "व्हय महाराजा." शेवटचं नाव शांतारामचं असे. नानांच्या मागे गाऱ्हाणं कोणी घातलंच नव्हतं.

"हे भाडेकरूचं काम नाय," नारळ ठेवत काका म्हणाले. "पण पोरं काय आता येत नाय. तू नुसतं व्हय म्हण."

त्यांनी हात जोडले. "बा जागेवाल्या महाराजा, नानाची पोरं लांब हायत. राजू हाय, बंड्या हाय. त्यांच्या हातून काय चुकलंमाकलं असेल ते पोटात घाल. त्यांच्या पोराबाळांना सुखी ठेव. नवा मालक तुला वळखत नाय, त्याच्यावर रागावू नको."

"व्हय महाराजा," मी म्हणालो. एवढ्या मोठ्या परसात माझा एकट्याचा आवाज मलाच कसासा वाटला.

काका थांबले. मी वाट पाहिली. मग विचारलं, "आणि तुमचं नाव?"

"मी चाललो ना. जाणाऱ्याचं घेत नाय."

त्यांनी नारळ उचलला, हात वर नेला, पण तो काही खाली येईना. शेवटी नारळ मीच फोडला.