सिद्रामअण्णांचा यंदाचा अन्याय

सोलापुरात गिरणीजवळच्या आमच्या चाळीत सिद्रामअण्णा दर पाडव्याला यंदाचा अन्याय जाहीर करायचे. अण्णा म्हणजे कोर्टातले निवृत्त बेलीफ. एकटेच राहत. वर्षभर कुणीही तक्रार आणावी, ते ती चिठ्ठीवर लिहून बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकत. पाडव्याला डबा उपडा करून त्यातली एकच निवडायची.

"समदंच वाईट हाय हो," ते म्हणत, "पर मी एकटा हाय की."

निवडताना ते तीनच गोष्टी विचारत. त्रास किती जणांना? त्यांना स्वतः ओरडता येतं का? आणि दुसरं कुणी तिकडं बघतंय का? ओरडता येणाऱ्याची चिठ्ठी परत. शेजारच्या रेडिओबद्दलची माझी तक्रार चार वर्षं परत आली. "तुमी ओरडताय की! मला हितवर ऐकू येतंय."

चौकशीला निघताना अंगात कोट, डोक्यावर टोपी आणि मागे लेखनिक मी. माझं अक्षर बरं होतं. "ऐकलेलं लिवू नका, बघितलेलं लिवा," हे त्यांचं पालुपद. एकदा रेशनच्या रांगेत आम्ही तीन दिवस उभे होतो. दुकानदारानं वैतागून अण्णांना स्टूल दिलं. अण्णांनी लगेच लिहायला लावलं, 'चौकशीवाल्यास स्टूल, म्हातारीस नाही.'

दुष्काळ सरल्यावरच्या पाडव्याला त्यांनी वाचलेली चिठ्ठी त्यांच्याच अक्षरात होती. 'आपले संडास.' चाळीला टोपलीचे संडास होते; वर बसायचं, खाली टोपली. एक बाई रोज मागच्या बोळातून येऊन टोपल्या उपसायची आणि मैला डोक्यावरून न्यायची.

"ही कुणाची तक्रार?" मी विचारलं.

"कुणाचीच न्हाय. म्हणून तर."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बोळात गेलो. अण्णांनी टोपी काढली.

"बाई, नाव काय तुमचं?"

"नाव कशाला? 'आली' म्हन्त्यात, तेवढ्यावर मला कळतं." मग टोपली खाली ठेवून म्हणाली, "रुक्मिणी."

नऊ वर्षं मी त्या चाळीत राहत होतो.

"मी खाली असताना वरचे थांबत न्हाईत," ती म्हणाली. "हाक दिली तरी न्हाईत." मी मान खाली घालून लिहीत राहिलो. हाक मीही ऐकलेली होती.

मी महापालिकेत कारकून होतो आणि अहवाल माझ्याच कचेरीत जायचा होता. सहीची वेळ आली तेव्हा मी म्हणालो, "अण्णा, माझं नाव नको. साहेब काय म्हणतील?"

"बरं," अण्णा म्हणाले आणि त्यांनी एकट्यानं सही केली. रागावले असते तर बरं झालं असतं.

कचेरीतून उत्तर गेलं, 'नोंद घेतली आहे.' ते टाइप मीच केलं.

पावसाळ्यात एकदा मी गावाहून पहाटेच्या गाडीनं उतरलो. रुळांच्या कडेनं येताना समोर अण्णा दिसले. एका हातात काठी, दुसऱ्यात टमरेल, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं.

"अण्णा, या वयात इतक्या लांब? चाळीत आहेत की संडास!"

चोरी पकडल्यासारखे ते ओशाळले.

"कुणाला बोलू नका. त्या बाईंचं नाव कळल्यापास्नं मला तितं बसायला जमंना झालंय."

मी त्यांचा हात धरून त्यांना खोलीपर्यंत पोचवलं. मग घरातून टमरेल घेतलं आणि नेहमीसारखा चाळीच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.