गजभिये बाबूंनी पास केलेली सही

गजभिये बाबूंनी एकदा स्वतःचीच सही नापास केली होती. अंगात ताप होता, पैसे काढायच्या स्लिपवर हात थरथरला. बाबूंनी भिंग लावून पाहिलं, मान हलवली आणि स्लिप फाडली. "जुळून नाही राहिली," म्हणाले, आणि ताप उतरेपर्यंत स्वतःला पैसे दिले नाहीत.

साकोलीच्या आमच्या बँकेत सह्या तपासायचं काम त्यांचं. मी शेजारच्या टेबलावर, त्यांच्या हाताखाली. गोंदिया जिल्हा वेगळा झाल्याचं परिपत्रक आलं, तेव्हा खालची सही ओळखीची वाटेना म्हणून बाबूंनी ते दोन दिवस ड्रॉवरमध्ये अडवून ठेवलं. तेवढे दोन दिवस आमच्या शाखेपुरता भंडारा जिल्हा अखंड होता. निवृत्तीनंतरही भिंग खिशातच. नातीच्या प्रगतिपुस्तकावरची बाईंची सहीसुद्धा ते मागच्या चाचणीशी ताडून बघतात.

अशा माणसाला मी दिवाळीनंतर सानगडीच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, घेऊन गेलो. सानगडी त्यांचं गाव. पोरींच्या कबड्डी संघाला मॅट हवी होती, म्हणून सुखदेवच्या सहीची बनियन लिलावात काढली होती. सुखदेव हा आमच्या भागातला कबड्डीचा मोठा गडी आणि बाबूंचा लहानपणापासूनचा सोबती. जाऊन चार वर्षं झाली. सही तो तिथल्या तिथे कधीच देत नसे. "उद्या ने," म्हणायचा. लोक म्हणत, भाव खातो.

बोली चांगली चढत होती. तेवढ्यात साकोलीचा एक हॉटेलवाला उठला. "सही सुखदेवचीच कशावरून? कोणी भी मारली असंल!"

मंडपातल्या सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. पुढे सुखदेवची बायको बसली होती, तिनं पदर खाली ओढला. मागून कोणीतरी ओरडलं, "बाबूले दाखवा ना! बाबू पास करत असंल त बोला!"

स्वतःला न सोडणारा माणूस सुखदेवला काय सोडणार?

बाबू स्टेजवर गेले. सवयीनं हात भिंगाकडे गेला, पण तिथेच राहिला. त्यांनी बनियनची घडी नीट केली आणि हॉटेलवाल्याकडे बघून म्हणाले, "खरी आहे. लिहून पायजे त लिहून देतो."

बोली पुन्हा चढू लागली. शेवटची बोली हॉटेलवाल्याचीच झाली.

परतताना मोटरसायकलवर मी त्यांना छेडलं. "बाबू, सैल झाले तुम्ही. आज भिंग भी नाही काढलं?"

"थांबव गाडी," ते म्हणाले. तलावाच्या पाळीवर मी गाडी लावली.

"भिंग कायले पायजे? मीच केली होती ना ते सही."

मी गाडीवरून उतरून त्यांच्यासमोर आलो.

"सुखदेव शाळेत गेलाच नाही. मॅच जिंकली का पोट्टे सहीले येत, अन् हा माह्याकडे पाहे. 'उद्या ने' म्हणे, अन् समदं माह्याकडे घेऊन येई."

"मग शिकवायची होती ना त्याले."

"बसवला होता एक डाव. एवढा मोठा गडी, पेन धरून रडला. मग नाही बसवलं."

तीस वर्षं जगाच्या सह्या अडवणाऱ्या या माणसाचा मला त्या क्षणी फार लोभ वाटला. विचारलं, "तुमच्यापाशी काही आहे का त्याचं?"

बाबूंनी पाकिटातून संघाचा जुना फोटो काढला आणि उलटा केला. मागे एक निळा अंगठा होता, शाई कडेनं थोडी फाकलेली.

"मले म्हणे, समद्याईले तुही देतो, तुले माही देतो."

मग त्यांनी खिशातलं भिंग काढून माझ्या हातात ठेवलं. इतक्या वर्षांत त्याला मला कधी हात लावू दिला नव्हता.

"पाह्य," बाबू म्हणाले. "हे जुळते."

मी पाहिलं. पण डोळे पुसल्याशिवाय मला रेषा काही दिसेनात.