डोकं न दुखणारी मुलगी

मनुष्याला डोकं आहे याचा सर्वमान्य पुरावा एकच, तो म्हणजे ते दुखतं. ज्याचं दुखत नाही त्याच्याकडे ते आहे की नाही, याची खातरजमा करणं हे कुठल्याही जबाबदार संस्थेचं कर्तव्यच ठरतं.

हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीने हे कर्तव्य चोख बजावलं. वर्ध्याची दीपमाला तिथे नव्याने लागली होती. सहा महिन्यांनी कायम होणार होती. कात्रजहून निघणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये पहिल्याच सकाळी शेजारच्या ऋचाने पर्समधून गोळी काढून पुढे केली. इतरत्र प्रवासात शेंगदाणे देतात, इथे डोकेदुखीची गोळी (परतीच्या बसमध्ये दोन).

"नको ना जी, माझं डोकं नाही दुखत," दीपमाला म्हणाली.

मागच्या दोन सीटांवरच्या माना वर झाल्या. "अगदीच हलकं काम दिलंय का गं तुला?" ऋचाने हळहळून विचारलं.

कंपनीत गोळीला फार मान होता. एक घेणारा साधा कर्मचारी, दोन घेणारा होतकरू, आणि पाण्याविना गिळणारा थेट टीम लीडर. (अमेरिकेला पाठवलेल्या सर्वांचं डोकं दुखत होतं. उरलेल्यांचं न पाठवल्यामुळे दुखू लागलं, पण ती डोकेदुखी हिशेबात धरत नसत.) पूर्वी सुंठेचा लेप लावून अंधारात पडावं लागे, त्यात केवढे कामाचे तास बुडत! आता डॉक्टरची चिठ्ठीसुद्धा नको. देश पुढे जातो तो असा.

दीपमाला मात्र काम वेळेत संपवून वेळेत घरी जाई. शेवटी टीम लीडर आमोदने तिला केबिनमध्ये बोलावलं.

"सहानंतर दिसत नाहीस. डोकं वगैरे दुखत नाही का तुझं?"

"नाही सर."

"अस्सं," एवढंच तो म्हणाला. पुणेरी 'अस्सं'चा अर्थ वर्ध्यापर्यंत कळतो. तिकडे वडिलांनी नोकरीचे पेढे वाटलेही होते. पोरगी मनातून हादरली. दुसऱ्या दिवशी तिने ऋचाची गोळी सर्वांदेखत घेतली.

आधी दाखवण्यापुरती एक, मग रोज दोन. महिन्याभरात डोकं खरोखरच ठणकू लागलं आणि तिला कृतकृत्य वाटलं. ती कायमही झाली. पण पुढे ठणका उठल्यापासून झोपेपर्यंत थांबेना, गोळीलाही दाद देईना. रडकुंडीला येऊन तिने कसबा पेठेतल्या डॉक्टर मंदाकिनीबाईंना गाठलं.

"गोळ्या कशासाठी घेता?" बाईंनी विचारलं.

"डोकं दुखते म्हणून."

"आणि डोकं कशाने दुखतंय?"

"थेच तर विचारायले आली ना."

"गोळ्यांनी. रोज घेतल्या की त्याच दुखवायला लागतात. बंद करा. सुरुवातीला जास्त दुखेल, मग थांबेल."

"थांबन?" दीपमालाचा चेहरा उतरला. "मॅडम, दोन महिन्यांनी माझं प्रमोशन आहे. त्याच्यानंतर थांबवलं तर चालन का?"

"डोकं आपलं आहे," बाई म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

दीपमाला आता टीम लीडर आहे. नव्या मुलींना आपुलकीने गोळी देते. वाचकांना तिची कीव आली असेल, येऊ द्यावी. फक्त "ते सगळं खरं, पण गोळी कुठली म्हणे?" असं आम्हाला विचारू नये. नाव मुद्दामच दिलेलं नाही, आणि दिलेलं नाही हे आपल्या मघाशीच लक्षात आलं होतं.