शेपूट वाजवणारे आणि कुमुदताई

वरच्या मजल्यावरचे मल्होत्रा जिन्यात गरजायला लागले की शेजारच्या कुमुदताई दार किलकिलं करून ऐकत आणि मला सांगत, "नुसतं शेपूट वाजतंय. चावणार नाही."

कुमुदताईंची सगळी नोकरी दिल्लीतल्या एका प्रयोगशाळेत उंदरांची भांडणं बघण्यात गेली. लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर दिल्लीच्याच द्वारका भागातल्या आमच्या सोसायटीत एकट्याच राहत. बिथरलेला उंदीर शेपटी आपटून खडखड करतो, वरचढ उंदीर दुसऱ्याच्या मिशा कुरतडतो, हे ज्ञान मला त्यांच्याकडूनच मिळालं. माझ्या नवऱ्याने एकदा मिशी काढली, तर त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तूच ना?"

मी साताऱ्याहून तान्ह्या मुलीला घेऊन नवीनच आले होते. हिंदी कच्ची, धीर त्याहून कच्चा. मल्होत्रा रोज आमच्या जागेत त्यांची गाडी लावत. नवरा म्हणे, "जाऊ दे यार." कुमुदताईंनी मात्र मला शिकवलं, "मागे सरकू नकोस. पळणाऱ्याचाच पाठलाग होतो."

एका सकाळी मी खाली गेले. मल्होत्रा ओरडले, "जानती हो मैं कौन हूँ?"

मी मागे सरकले नाही. "जी अंकल. लेकिन जगह हमारी है."

ते खिशातली किल्ली चाचपू लागले. मग पुटपुटले, "अच्छा, ठीक है बेटा," आणि त्यांनी गाडी काढली. वर गॅलरीतून टाळ्या वाजल्या. कुमुदताई!

त्याच धिटाईवर मी एका शाळेत मुलाखत दिली. नोकरी लागली, पण मुलीला सांभाळणार कोण? नकार कळवायचं ठरवलं, तेव्हा कुमुदताई म्हणाल्या, "माद्या पिल्लं एकाच घरट्यात वाढवतात. कुणाचंही पिल्लू कुणीही पाजतं." मग अडखळल्या. "म्हणजे... मी दिवसभर घरीच असते गं."

दुसऱ्या दिवशी हो म्हणायला गेले. त्यांच्या खोलीत पाळणा होता. जुन्या साडीची मऊ दुपटी, खिडकीला जाळी.

"एका रात्रीत कधी आणलंत हे?"

"काल नाही गं," त्या दुपटं सारखं करत म्हणाल्या. "तुम्ही राहायला आलात ना, त्याच आठवड्यात."