चुकीची दाढ आणि बाबांची किंकाळी

जुन्या विनोदी रेकॉर्ड आजही लोकांना हसवतात, हे मी एका सकाळीत सिद्ध करून दाखवणार होतो. माझ्याकडे रेकॉर्ड होती, प्लेअर होता आणि उठून जाण्याची सोय नसलेला श्रोतृवर्ग होता. मी दातांचा डॉक्टर आहे.

रेकॉर्ड आमच्या बाबांची. म्हणजे गाणारा दुसराच कोणीतरी, बाबांचं काम फक्त ओरडण्याचं. तरुणपणी ते टाइपरायटर दुरुस्त करायचे. एकदा रेकॉर्ड कंपनीच्या ऑफिसात मशीन तपासायला गेले आणि ते धूड त्यांच्या पायावर पडलं. त्यांनी अशी काही किंकाळी फोडली, की आतल्या खोलीतून एक माणूस धावत बाहेर आला आणि म्हणाला, "हीच पाहिजे! सकाळपासून हीच शोधतोय." तासाभरात बाबा माईकसमोर उभे होते, एका पायावर.

गाणं दाढ काढणाऱ्याचं. तो मजेत ताना घेत गातो, मग गाणं थांबतं, 'कट्' असा आवाज येतो आणि बाबा ओरडतात, "आई गंऽऽ!" त्यावर गायक अगदी शांतपणे म्हणतो, "अरेच्चा, चुकीची निघाली. असू दे, शेजारची बघू." माझ्या लहानपणी या वाक्याला पाहुणे चहाचा कप खाली ठेवून हसायचे. बाबांना मात्र आधीच्या ताना ऐकण्याइतका धीर नसे. पाहुणा बसला रे बसला, की सुई थेट किंकाळीवर ठेवायची. एकदा ऐकवून झालं की "पुन्हा ऐका" म्हणून परत तिथेच. असं चाळीस वर्षं चाललं होतं.

आई गेल्यावर बाबा आमच्याकडे राहायला आले. सामानात दोन बॅगा आणि ही रेकॉर्ड. परवा त्यांनी ती मोठ्या हौसेनं माझ्या मुलीला ऐकवली. पोरीनं शेवटपर्यंत ऐकलं, मग अगदी मऊ आवाजात विचारलं, "आजोबा, यात हसायचं कुठे?" बाबांनी रेकॉर्ड पाकिटात घातली. रात्री जेवताना मला म्हणाले, "ती रेकॉर्ड रद्दीत देऊन टाक रे. जागा अडवते."

ज्या माणसाच्या एका किंकाळीवर आमचं अख्खं बालपण हसत गेलं, तो म्हणतोय जागा अडवते! मी तिथल्या तिथे जाहीर केलं, "शनिवारी दवाखान्यात लावू. वेटिंग रूममधली माणसं हसली, तर रेकॉर्ड दिवाणखान्यात राहील. नाही हसली, तर रद्दीत."

"दातांच्या दवाखान्यात," बायको सावकाश म्हणाली, "चुकीची दाढ काढल्याची रेकॉर्ड लावणार?"

"त्यातच तर गंमत आहे."

"कुणाची?"

मी दुर्लक्ष केलं. बायको माझ्या दवाखान्याचा काउंटर सांभाळते आणि तिला प्रत्येक गोष्टीत धोका दिसतो.

शनिवारी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून वेटिंग रूमच्या कोपऱ्यात बसले. तिथून सगळ्यांचे चेहरे दिसतात. समोर गाल सुजलेले एक बस ड्रायव्हर, त्यांच्या शेजारी विम्याचे एक एजंट आणि दाराजवळ एक आजीबाई. बाहेर प्लगपॉइंट मोकळा नव्हता, म्हणून प्लेअर मी माझ्या खुर्चीला लागून असलेल्या एक्स-रेच्या खोलीत ठेवला. बायको कवळी आणायला लॅबमध्ये गेली आणि तिची पाठ वळताच मी सुई टेकवली. या वेळी अगदी सुरुवातीपासून, म्हणजे लोकांना गाण्याची नीट कल्पना येईल.

खुर्चीत अक्कलदाढ काढून घ्यायला आलेल्या लायब्ररीतल्या बाई होत्या. तीस वर्षं लोकांना "शांतता राखा" सांगून सांगून त्या स्वतःही गप्पच झालेल्या. इंजेक्शन मी आधीच देऊन ठेवलं होतं, अर्धा जबडा बधिर झाला होता. मी नेहमीची सूचना दिली, "दुखलं तर डावा हात वर करायचा. मी लगेच थांबेन."

लगेच ड्रिल चालू केलं. आता माझं ड्रिल म्हणजे पिठाची गिरणी. त्या घरघरीत गाणं, ताना, पेटी, सगळं बुडून गेलं. बाहेर कुणाला पत्ताही लागला नाही की आत काही वाजतंय. दोनेक मिनिटांनी मी ड्रिल थांबवलं. सगळीकडे शांत झालं.

"कट्! आई गंऽऽ! अरेच्चा, चुकीची निघाली. असू दे, शेजारची बघू."

मी कान टवकारले. हशा नाही. बाहेर कुणीतरी फक्त घसा खाकरला.

आणि चाळीस वर्षांच्या "पुन्हा ऐका"नं आपलं काम केलं. सुई तिच्या आवडत्या जागी आली, अडखळली आणि मागे उडी मारून परत तिथेच आली.

"कट्! आई गंऽऽ! अरेच्चा, चुकीची निघाली. असू दे, शेजारची बघू. कट्! आई गंऽऽ!"

माझे दोन्ही हात बाईंच्या तोंडात. सोडता येईनात. बाहेरून बस ड्रायव्हरांचा आवाज आला, "ही चौथी."

"अहो, घाबरू नका," बाबांनी समजावलं. "मी ओरडतोय तो."

"तुम्ही तर इथे बसलाय."

"इथेही आहे. पण आत मीच आहे."

कागदांचा एक गठ्ठा धपकन खाली पडला.

"बावीस वर्षांचा आहे मी आत," बाबा म्हणाले.

एक खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. इकडे लायब्ररीतल्या बाईंचे खांदे हलायला लागले. डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं. त्यांनी डावा हात वर केला. बिचाऱ्या! मी चटकन आणखी एक इंजेक्शन दिलं. जखम दाबून तसाच जरा थांबलो. तोवर आत "आठवी" झाली होती. बाईंनी पुन्हा हात वर केला, या वेळी जोरजोरात हलवला. मी आणखी अर्धं दिलं.

"विश्वास बसत नाही ना?" बाहेर बाबा उठून उभे राहिले होते. "थांबा, ऐकाच."

आणि त्यांनी खणखणीत किंकाळी फोडली. वय अठ्ठ्याहत्तर, पण गळ्याला काही झालेलं नाही. आतून एक "आई गंऽऽ", बाहेरून एक "आई गंऽऽ", आणि दोन्ही हुबेहूब!

त्यानंतर पायांचे आवाज आले आणि दार आपटलं. मी निघालेल्या दाढेच्या जागी कापूस दाबला, हातमोजे ओरबाडून काढले, पळत जाऊन सुई उचलली आणि बाहेर आलो. वेटिंग रूममध्ये बाबा एकटे उभे होते. जमिनीवर विम्याची माहितीपत्रकं विखुरलेली आणि एक चप्पल. चप्पल बस ड्रायव्हरांची. दारात कवळीचा डबा घेऊन बायको उभी.

"हसली का माणसं?" तिनं विचारलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तेवढ्यात लायब्ररीतल्या बाई तोंडावर रुमाल धरून बाहेर आल्या. बाबांकडे बोट दाखवून काहीतरी बोलू गेल्या, पण ओठ, जीभ, गाल, काहीच ताब्यात नव्हतं. नुसतं "हं... हं..." झालं. पुन्हा डोळे भरून आले आणि त्या तशाच निघून गेल्या.

"बघ," बाबा म्हणाले. "बाईंना रडवलं आपण." ते खुर्चीत बसले आणि आपल्या इस्त्रीच्या शर्टाची बाही उगाच सारखी करत राहिले. "पोरीचं बरोबर होतं रे. दे टाकून."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी रेकॉर्ड काढून घेतली खरी, पण रद्दीवाल्याला द्यायला हात धजेना. कवळ्यांचे साचे ठेवतो त्या खणात तिला सरकवून दिली. रविवारभर बाबा खोलीतून फारसे बाहेर आले नाहीत. मुलगी त्यांना दोनदा पत्ते खेळायला बोलवायला गेली, दोन्ही वेळा "नंतर" म्हणाले.

सोमवारी जखम दाखवायला लायब्ररीतल्या बाई आल्या. बाबांना मी बळंच दवाखान्यात आणलं होतं. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, शनिवारी तुम्हाला फार त्रास झाला. माफ करा."

"त्रास झाला खरा," बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "डॉक्टर, मी हात वर करत होते तो दुखत होतं म्हणून नव्हे. जरा थांबा, मला हसू द्या, असं सांगत होते. तुम्ही दर वेळी सुई टोचलीत! रात्रीपर्यंत पाणीसुद्धा हनुवटीवरून वाहत होतं."

बाबांचा चेहरा उजळला. "म्हणजे रेकॉर्ड आवडली?"

"रेकॉर्ड?" बाई अवघडल्या. "खरं सांगू? रेकॉर्डला नाही हसू आलं. मला तर वाटलं माझीच दाढ चुकली. पण तुम्ही बाहेरून म्हणालात ना, 'आत मीच आहे'..."

आणि त्या हसायला लागल्या. आधी रुमालात, मग रुमालाबाहेर. तीस वर्षं राखलेली शांतता एकदम मोडली. बायको काउंटरमागे वाकून हसायला लागली. बाबा मात्र गंभीरपणे विचार करत होते.

"पण हसू माझ्यावरच आलं ना?"

"तुमच्यावरच."

"मग झालं," बाबा म्हणाले. "आण रे ती रेकॉर्ड."

आता रेकॉर्ड दिवाणखान्यात असते. पाहुणे आले की बाबा ती लावतात, सुई अडकते आणि ते शेजारी बसून सांगतात, "आत मीच आहे." माझी मुलगी तेवढ्यासाठी मैत्रिणींना घरी आणते.

लायब्ररीतल्या बाई नियमित येतात. बस ड्रायव्हर मात्र परत आले नाहीत. परवा मी स्टॉपवर उभा असताना त्यांचीच बस आली. चप्पल द्यायची होती म्हणून मी मोठ्यानं हाक मारली. त्यांनी मला पाहिलं, एक हात गालावर दाबून धरला आणि बस न थांबवता नेली.

मी चालत घरी आलो.